कोअरमधला कार्बोनेटचा टक्का खाली गेला, म्हणजे तेव्हा समुद्राचं पाणी आम्लधर्मी झालं होतं का?

अमळनेरहून एमएस्सी जिऑलॉजी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. डिझर्टेशनसाठी त्याला पूर्व अरबी समुद्रातल्या एका कोअरचा (तळात पोकळ नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या लांब कांडीचा) डेटा मिळालाय, पाण्याची खोली २,२०० मीटर. वरच्या होलोसीनच्या, म्हणजे हिमयुगानंतरच्या आजपर्यंतच्या काळाच्या, थरात कॅल्शियम कार्बोनेट ५५ टक्के, खाली शेवटच्या हिमयुगाच्या थरात ३५ टक्के. गाईड म्हणतात हिमयुगात उत्पादकता कमी होती, म्हणजे वरच्या पाण्यात चुन्याची कवचं बनवणारे सूक्ष्मजीव कमी वाढत होते, असं लिही. सीनियर म्हणतो नाही, तेव्हा खोल पाणी जास्त आम्लधर्मी होतं, कवचं विरघळली असं लिही. एकाच आकड्यातून दोन वेगळे निष्कर्ष कसे निघतात हेच त्याला कळत नाहीये.

भाऊ, दोन नाही तीन निघतात, आणि तिसरा जो आहे तोच तुझ्या कोअरला लागू पडायची शक्यता सगळ्यात जास्त आहे. माझी बरीच वर्षं समुद्राच्या तळाचा गाळ धुण्यात, चाळण्यात आणि मायक्रोस्कोपखाली कवचं वेचण्यात गेली आहेत, म्हणून जरा लांबलं तरी नीट सांगतो, कारण ही गोष्ट सुरुवातीला घाईत शिकली की गैरसमज थेट पीएचडीपर्यंत सोबत येतो.

आधी टक्क्याचंच बघू. आपल्याकडं रावेर-यावलच्या केळीवाल्याला माती परीक्षणाच्या रिपोर्टमधला चुनखडीचा आकडा बरोबर माहीत असतो, जास्त निघाला की लोह लागू होणार नाही आणि पानं पिवळी पडणार हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मातीवर अॅसिड टाकलं की फसफसतं आणि निघालेल्या वायूवरून चुनखडी मोजता येते, समुद्राच्या गाळाचंही तत्त्व तेच. पण शेतातली चुनखडी जागेवर बसून असते. समुद्राच्या तळाशी मात्र वरून कवचं पडत राहतात, त्यातली काही विरघळत राहतात, आणि नद्यांचा नि वाऱ्यानं आणलेला मातीचा गाळ येऊन त्यात मिसळत राहतो, हे तिन्ही एकाच वेळी चालू. टक्का म्हणजे या तिघांचा मिळून निघालेला हिशेब. त्यातला एकही भाग त्या आकड्यात वेगळा दिसत नाही.

तुझेच आकडे घेऊन बस. होलोसीनच्या १०० ग्रॅम गाळात ५५ ग्रॅम कार्बोनेट आणि ४५ ग्रॅम बाकीचं, म्हणजे बहुतेक चिकणमाती. आता समज की हिमयुगातही माती तेवढीच येत होती आणि फरक फक्त विरघळण्यानं पडला. ४५ ग्रॅम माती ही ६५ टक्के व्हायची असेल तर सोबत कार्बोनेट उरायला पाहिजे साधारण २४ ग्रॅम, म्हणजे ५५ मधलं ३१ ग्रॅम गायब, अर्ध्याहून जास्त. उलटं समज की कार्बोनेट ५५ ग्रॅमच पडत होतं, एक कणही विरघळला नाही, फक्त माती जास्त आली. मग ५५ ग्रॅम म्हणजे ३५ टक्के व्हायला माती पाहिजे १०२ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन पट. आणि तुझ्या गाईडचं धरलं तर वरून पडणारी कवचंच ५५ ऐवजी २४ ग्रॅम झाली. तिन्ही गोष्टींनी ५५ चे ३५ च होतात, तुझ्या एक्सेल शीटला यातलं काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट याच गणितातली, जी लोक हमखास विसरतात. ९० टक्के कार्बोनेटचा गाळ विरघळून ८० टक्क्यांवर आला असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं दहा टक्के विरघळलं. करून बघ. १० ग्रॅम माती २० टक्के व्हायची तर कार्बोनेट उरलं ४० ग्रॅम, म्हणजे ९० मधलं ५० ग्रॅम गेलं, निम्म्याहून जास्त. म्हणजे जिथं कार्बोनेट भरपूर आहे तिथं प्रचंड विरघळूनही टक्का जेमतेम हलतो, आणि ५० टक्क्यांच्या आसपास आला की मग धाडकन पडायला लागतो. ग्राफवर तो जो तीव्र उतार दिसतो त्यातला बराचसा गणिताचाच असतो, समुद्रात तेव्हा अचानक काही घडलं असेलच असं नाही.

आता तुझ्या जागेकडं ये. पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरच्या गाळात दख्खनच्या बेसाल्टची माती येते, आणि ती आणणाऱ्या मुख्य नद्या म्हणजे नर्मदा आणि आपली तापी. मुलताईहून निघून जळगाव, धुळे, नंदुरबारची काळी माती घेत सुरतपाशी समुद्राला मिळणारी. आपल्या शेतातल्या काळ्या जमिनीत जे स्मेक्टाइट हे चिकणमातीचं खनिज आहे, ज्यानं उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच स्मेक्टाइट त्या गाळाच्या एक्सरे डिफ्रॅक्शनमधे (खनिजं ओळखायच्या तपासणीत) दिसतं, आणि सिंधूच्या गाळातलं इलाइट नि क्लोराइट त्यापासून वेगळं ओळखू येतं. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई-खंबातसमोरची खंडमंच पट्टी, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, ती जवळजवळ सगळी उघडी पडली होती, म्हणजे नदीचं तोंड आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी पुढं सरकून उताराच्या काठाशी गेलेलं. जो गाळ आज खंबातच्या आखातात आणि मंचावरच अडकतो, तो तेव्हा थेट खोल उतारावर जाऊ शकत होता. मात्र हिमयुगात उन्हाळी मॉन्सूनही कमजोर होता, म्हणजे नदीनं मुळात आणलेली माती कमी. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत, कुठली भारी पडली हे प्रत्येक कोअरमधे मोजूनच ठरवायचं असतं, पुस्तकात बघून नाही.

तुझा सीनियर जे म्हणतो ते खोट्या पायावर नाहीये, फक्त ते तुझ्या खोलीला बसत नाही. ते का, हे समजून घे, कारण सगळं रसायन इथंच आहे.

कॅल्साइट, म्हणजे ही कवचं ज्या खनिजाची असतात ते, विरघळणार की टिकणार हे पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेट आयनच्या गुणाकारावर ठरतं. समुद्रात कॅल्शियम किलोमागे १०.३ मिलिमोल, कार्बोनेट आयन त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. कॅल्शियम एवढं भरपूर की काही हजार वर्षांत ते हलत नाही, त्यामुळं सगळा खेळ कार्बोनेट आयनचा. वरून मेलेलं सेंद्रिय द्रव्य खाली पडतं, कुजतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो कार्बोनेट आयनशी मिळून बायकार्बोनेट बनवतो. म्हणजे पाणी जितकं जास्त काळ खोलात राहिलं, तितकं कार्बोनेट आयन कमी. उत्तर अटलांटिकच्या खोल ताज्या पाण्यात हा आयन किलोमागे ११० मायक्रोमोलच्या आसपास असतो, तेच पाणी हजारभर वर्षांनी उत्तर पॅसिफिकच्या खोलात पोचेपर्यंत ८० च्या आसपास येतं. त्यात भर म्हणजे खोली वाढली की दाब वाढतो आणि दाबाखाली कॅल्साइटची विद्राव्यता वाढते. त्यामुळं एका ठराविक खोलीखाली कवचं झपाट्यानं विरघळायला लागतात, आणि त्याहून खाली एक खोली अशी येते की वरून जेवढं पडतं तेवढं सगळं विरघळून जातं, तळाशी फक्त लाल-तपकिरी माती उरते. ही शेवटची खोली म्हणजे कार्बोनेट कॉम्पेन्सेशन डेप्थ, आपण सीसीडी म्हणतो. पॅसिफिकमधे साधारण ४,२०० ते ४,५०० मीटर, अटलांटिकमधे ५,००० च्या आसपास किंवा खालीच. १८७२ ते १८७६ मधे चॅलेंजर जहाजानं जगभरचा तळ खरवडून आणला तेव्हाच जॉन मरे यांच्या लक्षात आलं होतं की खोल गेलं की चुन्याची कवचं नाहीशी होतात.

विरघळणं अचानक वाढतं ती वरची खोली म्हणजे लायसोक्लाइन. मेल्विन पीटरसन यांनी मध्य पॅसिफिकमधे पॉलिश केलेले कॅल्साइटचे गोळे दोरावर वेगवेगळ्या खोलीला बांधून काही महिने सोडले, आधी वजन, नंतर वजन, एवढंच. १९६६ मधे ते छापून आलं. वरच्या गोळ्यांचं वजन फारसं घटलं नव्हतं आणि ३,७०० मीटरच्या आसपासपासून खाली ते एकदम घटायला लागलं. त्याच दोरावर वोल्फगांग बर्गर यांनी फोरॅमिनिफेराची, म्हणजे कवच बनवणाऱ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांची, खरी कवचं ठेवली होती, आणि लायसोक्लाइन हे नावही पुढं त्यांनीच रूढ केलं. इतका साधा प्रयोग आहे पण मला तो आजही फार आवडतो, कारण त्यात मधे कुठलंही गृहीतक नाही, पाण्यानं दगड किती खाल्ला ते सरळ तराजूवर दिसतं.

तर तुझा कोअर २,२०० मीटरवर. लायसोक्लाइनच्या बराच वर. खोल पाण्यातला कार्बोनेट आयन हिमयुगात थोडा वरखाली झाला असेल तरी त्या खोलीवर कॅल्साइट निम्म्याहून जास्त विरघळेल एवढी सोय तिथं नाही. म्हणून सीनियरचं वाक्य जसंच्या तसं लिहू नको.

पण थांब, एवढ्यावर विरघळणं साफ शून्य असंही समजू नको, घाई नको करू भो. अरबी समुद्रासारख्या ठिकाणी वरून सेंद्रिय द्रव्य खूप पडतं, ते गाळात शिरून तिथं कुजतं, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड गाळाच्या छिद्रांमधल्या पाण्यात साठतो. वरचं समुद्राचं पाणी कार्बोनेटनं संपृक्त, म्हणजे कवचं न विरघळवणारं, असलं तरी गाळाच्या आतलं पाणी कवचं खात बसतं. एमर्सन आणि बेंडर यांनी १९८१ मधे हे नीट मांडलं. आता याचा परिणाम बघ किती विचित्र होतो: वर उत्पादकता वाढली, कवचं जास्त पडली, पण सोबत सेंद्रिय द्रव्यही जास्त पडलं म्हणून गाळात विरघळणंही वाढलं. उत्पादकता वाढून टक्का खाली येऊ शकतो. तुझ्या गाईडचं वाक्य म्हणूनच एकट्या टक्क्यावर उभं राहत नाही.

हा वाद काही तुमच्याच डिपार्टमेंटचा नाही, फार जुना आहे. १९४७-४८ च्या स्वीडिश मोहिमेनं पॅसिफिकमधून लांब कोअर आणले, गुस्ताफ अऱ्हेनियस यांनी १९५२ मधे त्यातले कार्बोनेटचे चढउतार दाखवले, हिमयुगात जास्त, उबदार काळात कमी, आणि त्याचं कारण त्यांनी उत्पादकता सांगितलं. पुढं कवचांची अवस्था तपासल्यावर लोकांना दिसलं की त्यातला मोठा वाटा विरघळण्याचा आहे. मग अटलांटिकमधे बघितलं तर उलटं, हिमयुगात कमी आणि उबदार काळात जास्त. कारण हिमयुगात खोल अटलांटिकमधे उत्तरेकडचं ताजं पाणी मागं हटलं आणि दक्षिणेकडचं कार्बोनेट आयन कमी असलेलं पाणी शिरलं. तोच काळ, तोच ग्रह, दोन महासागरांत दोन उलटे ग्राफ. म्हणून एका कोअरवरून ‘हिमयुगात समुद्र असा होता’ हे वाक्य कधीच लिहायचं नाही.

मग हे तिन्ही वेगळे कसे करायचे. सगळ्यात आधी टक्का सोडून फ्लक्सवर ये, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दर हजार वर्षांत किती ग्रॅम पडलं. गाळ साचण्याचा वेग गुणिले कोरडी घनता गुणिले कार्बोनेटचा अंश. समज, नुसतं समज, होलोसीनमधे वेग ३ सेंटिमीटर आणि घनता ०.६, हिमयुगात वेग ६ आणि घनता ०.७. मग होलोसीनचा कार्बोनेट फ्लक्स येतो ०.९९ आणि हिमयुगाचा १.४७. टक्का पडलाय आणि प्रत्यक्ष कार्बोनेट वाढलंय! मातीचा फ्लक्स ०.८१ वरून २.७३ वर गेला म्हणून टक्का दबला. तुझ्याकडं रेडिओकार्बनच्या तारखा आहेत म्हणतोस, मग हे अर्ध्या तासाचं काम आहे, आज रात्रीच करून टाक. फक्त दोन तारखांमधे सरळ रेघ ओढून वेग काढतोस तेव्हा त्या रेघेच्या आतले छोटे चढउतार खरे मानू नको, तारखेपाशी फ्लक्स अचानक पायरीसारखा बदलला की ती पायरी बहुतेक तुझ्या एज मॉडेलची, म्हणजे खोलीवरून वय काढायच्या हिशेबाची, असते.

आणि उतारावर अजून एक भानगड असते, तळाचे प्रवाह गाळ एका जागेवरून उचलून दुसरीकडं नेऊन टाकतात. तुझ्या जागी साचलेला सगळा गाळ वरून सरळ पडलेला असेलच असं नाही. यावर उपाय थोरियम-२३०, एक किरणोत्सारी समस्थानिक. समुद्राच्या पाण्यात युरेनियम जवळपास सगळीकडं सारखं, त्यातून थोरियम-२३० सारख्याच वेगानं तयार होतं आणि लगेच कणांना चिकटून खाली येतं, म्हणजे वरून किती पडायला हवं हे आधीच माहीत. गाळात त्याहून जास्त सापडलं तर बाजूनं वाहून आलंय. अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं, त्यामुळं शेवटच्या तीनेक लाख वर्षांपर्यंतच चालतं, पण तुला तेवढं पुष्कळ. एमएस्सीत हे मोजायला मिळणार नाही कदाचित, तरी मर्यादा म्हणून एक परिच्छेद लिही, परीक्षकाला बरं वाटतं आणि खरंही आहे.

एक्सआरएफ स्कॅनरचा (क्ष-किरणांनी गाळातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) कॅल्शियम-टायटॅनियम रेशो तुझ्या डेटात आहे असं दिसतंय. तो सगळेजण कार्बोनेटचा शॉर्टकट म्हणून वापरतात, आपल्या किनाऱ्यावर तो जपून वापर. दख्खनच्या बेसाल्टमधे टायटॅनियम भरपूर, ऑक्साइड दोन-तीन टक्के सहज, आणि हिमालयाकडून येणाऱ्या गाळात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे कार्बोनेट तेवढंच राहून मातीचा स्रोत सिंधूकडून तापी-नर्मदेकडं सरकला तरी हा रेशो खाली येणार. क्लेचा डेटा असेल तर सोबत ठेवून बघ.

आता मायक्रोस्कोप. मला विचारशील तर विरघळण्याचा खरा पुरावा इथंच आहे, कारण इथं टक्क्याचं गणित लागतच नाही, कवच स्वतः सांगतं. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली हलक्या हातानं धू, वाळव, १५० मायक्रॉनच्या वरचा भाग ट्रेमधे पसर. नीट टिकलेल्या नमुन्यात ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या फोरॅमिनिफेराच्या प्रजातीची पातळ, भोकाभोकांची कवचं अख्खी दिसतील, कडा धारदार, आत प्रकाश जाईल अशी. विरघळण्याला सुरुवात झाली की आधी तीच जातात. मग ग्लोबोरोटालिया मेनार्डीच्या चपट्या कवचाचे शेवटचे कप्पे फुटलेले दिसतात, जाड कड तेवढी उरते. आणि बरंच विरघळल्यावर ट्रेमधे पुलेनिएटिना, निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटरट्रेई असली जाडजूड मंडळी आणि तुकड्यांचा चुरा एवढंच राहतं. तुकडे मोजताना एक काळजी घे, एक कवच फुटून अनेक तुकडे होतात, म्हणून नुसते तुकडे भागिले एकूण केलं तर विरघळणं भलतंच फुगतं. ली आणि शॅकलटन यांनी १९९२ मधे तुकड्यांना ८ नं भागून मग अख्ख्या कवचांशी तुलना करायची पद्धत वापरली, तीच धर. आणि चाळताना जोरात पाणी मारून तू स्वतः फोडलेली कवचं त्यात येतील हेही लक्षात ठेव, सगळे नमुने एकाच हातानं एकाच पद्धतीनं धुतलेले पाहिजेत.

प्रजातींचं प्रमाण बदललं म्हणून लगेच विरघळणं म्हणू नको. अरबी समुद्रात मॉन्सूनच्या अपवेलिंगनं (खालचं पाणी वर येण्यानं) आणि तापमानानंही प्रजाती बदलतात. अख्खी-फुटकी अवस्था आणि प्रजाती दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगत असतील तरच लिहायचं.

कवचाचं वजन हीपण पद्धत आहे, ३०० ते ३५५ मायक्रॉनच्या मधली एकाच प्रजातीची पन्नासेक कवचं घेऊन सरासरी वजन काढायचं, हलकी झाली म्हणजे विरघळली. पण हिमयुगासाठी यात एक फसवं आहे. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड १८० ते १९० पीपीएमच होता, औद्योगिक काळाच्या आधी २८०. हवेत कमी म्हणजे समुद्राच्या वरच्या थरात कार्बोनेट आयन जास्त, आणि अशा पाण्यात वाढलेली कवचं मुळातच जाड असतात, हे बार्कर आणि एल्डरफील्ड यांनी २००२ मधे दाखवलं. म्हणजे हिमयुगातलं कवच वजनदार निघालं तर ते चांगलं टिकलं म्हणून की जन्मतःच जाड होतं म्हणून, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

खोल पाण्याचा कार्बोनेट आयन आकड्यात काढायचा असेल तर आज सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरातलं बोरॉन. यू आणि एल्डरफील्ड यांनी २००७ मधे सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी या प्रजातीत दाखवलं की बोरॉन-कॅल्शियम रेशो हा पाण्यातला कार्बोनेट आयन संपृक्ततेपेक्षा किती जास्त किंवा कमी आहे त्याच्याशी सरळ रेषेत बदलतो, किलोमागे एक मायक्रोमोल आयनला साधारण १.१४ मायक्रोमोल प्रति मोल. यात तळाशी किती कवचं पडली, किती माती आली, याचा काही संबंध नाही, कारण तो प्राणी तिथल्या पाण्यात जगला आणि त्यानं पाण्याची नोंद कवचात घेतली. काम मात्र चिकाटीचं. कवच दोन काचांमधे अलगद फोडायचं, माती अल्ट्रासॉनिकमधे पाण्यानं नि मिथेनॉलनं पुन्हापुन्हा काढायची, हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय द्रव्य काढायचं, शेवटी एकदम सौम्य अॅसिडचा हात. बोरॉन तर लॅबमधे सगळीकडं असतं, साध्या काचेच्या भांड्यात असतं, हवेच्या फिल्टरमधे असतं, मशीनच्या नळ्यांमधे आधीच्या नमुन्याचं चिकटून राहतं. म्हणून ब्लँकचे, म्हणजे नमुना न घालता केलेल्या मोजणीचे, आकडे न दाखवलेला बोरॉनचा डेटा मी तरी वाचत नाही. बोरॉनच्या समस्थानिकांवरून पाण्याचा पीएच काढतात तो याचाच पुढचा भाग, तो सध्या बाजूला ठेव.

तू विचारशील की मग गाळातल्या कार्बोनेटचा टक्का बघायचाच कशाला. बघायचा, पण एका जागी नाही, एकाच काळात वेगवेगळ्या खोलीवर. त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दक्षिण अटलांटिकमधली वॉल्विस रिज, समुद्राखालची डोंगररांग. २००३ मधे ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या २०८ व्या मोहिमेत या रिजच्या उतारावर सुमारे २,७०० ते ४,७५० मीटरपर्यंत वेगवेगळ्या खोलीला भोकं पाडली. सगळीकडं ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तोच थर, पॅलिओसीन संपून इओसीन सुरू होतानाचा, जेव्हा हवेत-समुद्रात प्रचंड कार्बन सुटला आणि पृथ्वी ५ अंशांहून जास्त तापली. पांढुरक्या कवचांच्या गाळात अचानक लालसर मातीचा पट्टा, कार्बोनेट जवळजवळ शून्य. आता इथं बघ, हा पट्टा एकाच कोअरमधे असता तर कुणीही म्हटलं असतं की माती जास्त आली किंवा वरची उत्पादकता मेली. पण तो उथळ जागी पातळ आणि खोल जागी जाड होता, आणि कार्बोनेट परत आलं ते आधी उथळ जागी, मग खोल जागी. मातीचं मिसळणं असं खोलीप्रमाणे रांगेनं वागत नाही. म्हणजे सीसीडीच वर सरकली होती, झाखोस आणि सहकाऱ्यांनी २००५ मधे मांडलं तसं दोन किलोमीटरहून जास्त, दहा हजार वर्षांच्या आत, आणि परत खाली जायला लाखाहून जास्त वर्षं लागली. शिवाय आम्लधर्मी पाण्यानं त्या घटनेच्या आधीच पडून राहिलेली कवचंही खाल्ली, म्हणून पट्ट्याच्या तळाशी काही हजार वर्षांची पानंच फाटलेली आहेत. पट्टा जिथं सुरू होतो तीच घटनेची सुरुवात असं धरणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

ती परत खाली का गेली, तर नद्यांमुळं. खडक झिजून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नदीतून समुद्रात येत राहतं, आणि जेवढं येतं तेवढंच शेवटी तळाशी पुरलं गेलं पाहिजे, नाहीतर समुद्रात साठत जाईल. पुरणं कमी पडलं तर कार्बोनेट आयन वाढतो, सीसीडी खाली जाते, जास्त तळ पांढरा होतो, पुन्हा तोल. एरवी याला काही हजार वर्षं पुरतात, पण तेव्हासारखा प्रचंड कार्बन सुटला की लाखाहून जास्त लागतात. याचाच एक चकवा देणारा परिणाम ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, ज्या काळात आपल्या सातमाळा-अजिंठ्याचे लाव्हाचे थर ओतले जात होते. क्रिटेशियस संपला, चुन्याची कवचं बनवणारे प्लँक्टन बहुतेक नष्ट झाले, वरून कवचंच पडेनात. मग कार्बोनेट आयन साठत गेला, आणि आधीच्या छोट्या आम्लधर्मी टप्प्यानंतर जी थोडी कवचं पडली ती उलट जास्त चांगली टिकली. उत्पादन कमी, टिकणं जास्त. टक्का बघून यातलं काय वाचणार?

कार्बोनेट कुठून आलं हेही एकदा तपासून घे. २०१५ मधे इंटरनॅशनल ओशन डिस्कव्हरी प्रोग्रॅमच्या ३५५ व्या मोहिमेत जॉइडस रेझोल्यूशन जहाजानं आपल्याच अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमधे साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात ड्रिलिंग केलं, त्यात नटराज स्लाइड नावाचा एक अजस्र दरड-थर लागला, सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीचा. त्यात उथळ मंचावरच्या चुनखडकाचे तुकडे आहेत. त्या थरात कार्बोनेट पुष्कळ, पण त्याचा खोल पाण्याच्या रसायनाशी काडीचा संबंध नाही. सिंधूच्या गाळातही डोंगरातून झिजून आलेलं कार्बोनेट असतं. तुझ्या कोअरमधे टर्बिडाइटचा, म्हणजे उतारावरून घसरत आलेल्या गाळाच्या लोंढ्याचा, बारीक थर, खाली भरड वर बारीक असा, दिसला तर ते नमुने आधी बाजूला काढ.

डिझर्टेशनसाठी माझं म्हणणं असं. पहिल्यांदा टक्का कसा मोजला ते विचार. कूलोमीटरवर (अॅसिडनं निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) अकार्बनी कार्बन काढून ८.३३ नं गुणलं असेल तर ठीक. पण गाळ वाळवण्याआधी धुतला होता का, हे नक्की विचार. ओल्या गाळात वजनानं ६० टक्के पाणी असेल तर वाळल्यावर त्यात पाच टक्क्यांहून जास्त नुसतं मीठ राहतं. वरच्या थरात पाणी जास्त, खालच्या दबलेल्या थरात कमी, म्हणजे मिठाची चूक खोलीप्रमाणे बदलत जाते आणि वरचा टक्का उगाच खाली ओढते. मग फ्लक्स काढ, दोन्ही, कार्बोनेटचा आणि मातीचा. नंतर होलोसीनमधले पाच-सहा आणि हिमयुगातले पाच-सहा नमुने घेऊन तुकडे मोज. तुकडे दोन्हीकडं सारखेच निघाले आणि मातीचा फ्लक्स वाढलेला असेल, तर गाईडना शांतपणे दोन ग्राफ एकाखाली एक ठेवून दाखव, ऐकतील. तुकडे हिमयुगात खरंच जास्त निघाले तर सेंद्रिय कार्बनचा डेटा सोबत लाव, मग गाळाच्या आतल्या विरघळण्यावर लिहिता येईल. ३५५ मोहिमेचा डेटा खुला आहे, त्यातल्या साडेतीन हजार मीटरवरच्या जागेशी तुझ्या काळाची तुलना करता आली तर खोलीचा प्रश्नही थोडासा हाताला लागेल, फक्त तिथले टर्बिडाइट वगळून.

मोजणी सुरू केलीस की पहिल्या दोन ट्रेचे फोटो पाठव, तुकडा कशाला म्हणायचं आणि अख्खं कशाला म्हणायचं हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं, अर्ध्यात व्याख्या बदलली की सगळे नमुने परत मोजावे लागतात.